आल्प्सला जायचंय, पण बर्फ उरलाय का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीपाळखीत कुणी स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियाला निघालं की मला फोन येतोच. पूर्वी चौकशी व्हिसा, थंडीचे कपडे आणि शाकाहारी जेवण एवढ्यावर आटपायची. गेली काही वर्षं बर्फाबद्दलचे प्रश्न वाढलेत. दर वेळी तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. गोळेवाल्याचा बर्फ, फ्रीजमधला बर्फ, आभाळातून पडणारा बर्फ, हिमनदीतला बर्फ: आपल्याकडे सगळ्याला शब्द एकच. इथे मी ताज्या पडलेल्या भुसभुशीत बर्फाला ‘हिम’ म्हणणार आहे आणि हिमनदीतल्या जुन्या, घट्ट, निळसर बर्फाला नुसतं ‘बर्फ’. हिम म्हणजे दर हिवाळ्यात जमा होणारा पगार. बर्फ म्हणजे शेकडो वर्षांत साठलेली ठेव. आल्प्समध्ये सध्या पगार कमी झालाय आणि ठेव मोडून खाणं चालू आहे. खालच्या बऱ्याच उत्तरांत हेच पुन्हा पुन्हा येईल.

आम्ही मे महिन्यात जातोय. बर्फ बघायला मिळेल ना?

मिळेल, आणि भरपूर मिळेल. स्वित्झर्लंडमधल्या टिटलिस डोंगरावरचं वरचं स्टेशन तीन हजार मीटरच्या वर आहे, तिथलंच युंगफ्राऊयोखचं रेल्वेस्टेशन 3,454 मीटरवर. एवढ्या उंचीवर हिमाचा थर एप्रिल-मेच्या सुमाराला सगळ्यात जाड असतो, कारण हिवाळाभर साठलेलं वितळायला अजून सुरुवात व्हायची असते. मुलांना एकमेकांवर गोळे फेकता येतील, आजी-आजोबांना शाल गुंडाळून फोटो काढता येतील.

मे महिन्यात जे मिळत नाही ते वेगळंच. फुर्का, ग्रिमसेल, सुस्टेन हे स्वित्झर्लंडमधले उंचावरचे घाटरस्ते बहुतेक वर्षी मेच्या अखेरीपर्यंत किंवा जूनपर्यंत बंद असतात. दोन हजार मीटरवरच्या पायवाटाही हिमाखाली असतात.

मग हवामानबदल म्हणतात तो आम्हाला दिसला कसा नाही? सगळं तर पांढरंशुभ्र होतं.

मे महिन्यात गेलात म्हणून. आपल्या शाळांच्या सुट्ट्या एप्रिल-मेमध्ये, त्यामुळे मराठी माणूस आल्प्स बघतो तो नेमका नवी चादर अंथरलेला. त्या चादरीखाली काय आहे ते कळायला ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबर उजाडावा लागतो. तोवर वर्षाचं हिम वितळून गेलेलं असतं आणि उघडी हिमनदी दिसते: करडी, धुळकट, भेगाळलेली, कडेला दगडगोट्यांचे ढीग.

प्रत्यक्ष बघायचंच असेल तर तीन ठिकाणं सुचवतो.

पहिलं रोन हिमनदी, फुर्का घाटाच्या वळणावर. तिथे बर्फात बोगदा कोरून पर्यटकांना आत नेण्याचा उद्योग 1870 पासून चालू आहे. हल्ली उन्हाळ्यात तो भाग पांढऱ्या कापडांनी झाकून ठेवतात. लांबून ते कुणीतरी वाळत घातलेल्या मळक्या गोधड्यांसारखं दिसतं. हिमनदी मागे सरकली तिथे आता तळं साचलंय. शेजारचं बेल्वेदेर हॉटेल, ज्याचे फोटो इन्स्टाग्रामवर फिरत असतात, ते केव्हाच बंद पडलंय.

दुसरं फ्रान्समधल्या शामोनीजवळचं म्येर द ग्लास, म्हणजे ‘बर्फाचा समुद्र’. डोंगरातल्या छोट्या रेल्वेनं वर जायचं, मग रोपवेच्या पाळण्यातून खाली उतरून बर्फाच्या गुहेत शिरायचं. 1988 साली हा पाळणा बांधला तेव्हा त्यातून उतरल्यावर बर्फापर्यंत तीन पायऱ्या होत्या. बर्फ खाली खाली जात राहिला आणि पायऱ्या वाढत वाढत पाचशेच्या पुढे गेल्या. वाटेत कड्यावर पाट्या लावल्या होत्या: अमुक साली बर्फ इथपर्यंत होता. 1990 ची पाटी मागे टाकून उतरताना पोटात कालवायचं, आणि परत चढताना गुडघे बोलायचे ते वेगळंच. अखेर 2024 मध्ये हिमनदीच्या वरच्या अंगाला नवा पाळणा सुरू केला. म्हणजे बर्फ पळतोय आणि तिकीटखिडकी त्याच्या मागे.

तिसरं मोर्टेराच. स्वित्झर्लंडमधल्या बेर्निनाच्या रेल्वेमार्गावर याच नावाच्या स्टेशनावर उतरायचं आणि सपाट वाटेनं हिमनदीकडे चालायचं. वाटेवर वर्षांचे खांब रोवलेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्फाचं टोक स्टेशनच्या जवळ होतं. तिथून ते तीनेक किलोमीटर मागे गेलंय. आपण चालतोय, खांबावरची सालं पुढे सरकतायत आणि हिमनदी काही येत नाही. ज्येष्ठांनाही जमेल अशी ही वाट आहे. इतका सोपा आणि इतका स्पष्ट धडा मला दुसरीकडे कुठे मिळाला नाही.

आल्प्स नक्की किती तापलाय?

जगाच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट. औद्योगिक काळाच्या आधीच्या तुलनेत स्वित्झर्लंडचं तापमान सुमारे 2.9 अंश सेल्सियसनं वाढलंय. समुद्रापेक्षा जमीन लवकर तापते हे एक कारण. पांढरं हिम ऊन परतवतं आणि ते गेलं की उघडा पडलेला काळा खडक तेच ऊन पितो, हे दुसरं. तिसरं जरा उफराटं आहे: 1980 नंतर युरोपानं आपल्या हवेतली धूळ-काजळी बरीच साफ केली, त्यामुळे जमिनीवर पोचणारं ऊन वाढलं.

परिणाम ठेवीवर बघा. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी 2022 या एका वर्षात 6 टक्के आणि 2023 मध्ये 4 टक्के बर्फ गमावला. दोन वर्षांत दहावा हिस्सा. 2022 मध्ये तर हिवाळ्यात हिम कमी पडलं, वर सहाराच्या वाळवंटातली धूळ येऊन बसली, हिम मळकं झालं आणि झपाट्यानं वितळलं. 2023 च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडवरच्या हवेत शून्य अंशाची रेषा 5,298 मीटरवर मोजली गेली. माउंट ब्लँक साधारण 4,805 मीटर उंच आहे, म्हणजे आल्प्सच्या सर्वांत उंच शिखराच्याही जवळपास पाचशे मीटर वर जाईपर्यंत गोठणबिंदू सापडत नव्हता.

भारताशी याचा काही थेट संबंध?

आहे, आणि तो फार हळवा आहे. माउंट ब्लँकवर एअर इंडियाची दोन विमानं कोसळली. 3 नोव्हेंबर 1950 ला ‘मलबार प्रिन्सेस’, आणि 24 जानेवारी 1966 ला ‘कांचनजंगा’ हे बोईंग 707. दुसऱ्या विमानातले सर्वच्या सर्व 117 जण गेले. त्यांत डॉ. होमी भाभा होते. विमान मुंबईहून निघून दिल्ली, बैरुतमार्गे जिनिव्हाला उतरणार होतं.

अवशेष बर्फात गाडले गेले. हिमनदी म्हणजे अतिशय सावकाश चालणारा सरकता पट्टा: वर जे पडतं ते दशकांनी खाली येतं. ते खाली येणारच होतं, पण बर्फ भराभर वितळायला लागल्यापासून शामोनीजवळची बोसों हिमनदी एकेक वस्तू परत करू लागलीय. 2012 मध्ये भारताच्या राजनैतिक टपालाची पिशवी सापडली. 2013 मध्ये एका गिर्यारोहकाला पाचू-नीलमण्यांची पेटी मिळाली. त्यानं ती इमानानं पोलिसांकडे दिली, आणि पुढे 2021 मध्ये रत्नं त्याच्यात आणि गावात वाटली गेली. 2020 च्या उन्हाळ्यात तिथल्या एका कॅफेवाल्याला वर्तमानपत्रांची चळत सापडली. कागद ओला, पण अक्षरं वाचता येत होती. बातमी होती इंदिरा गांधी भारताच्या पहिल्या महिला पंतप्रधान होणार असल्याची. चोपन्न वर्षांनी तो अंक वाऱ्या-उन्हात वाळत पडला.

शामोनीला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला मी हे सांगतो. बहुतेकांना माहीत नसतं. टिटलिसवर हिंदी सिनेमातल्या जोडीच्या पुठ्ठ्याच्या चित्राशेजारी रांग लावून फोटो काढतो आपण. बोसोंकडे बघत दोन मिनिटं उभं राहायलाही हरकत नाही.

युंगफ्राऊयोखचा बर्फमहाल वितळणार का?

इतक्यात नाही. पण गंमत अशी की त्या महालाला कधीपासूनच कृत्रिम गारवा द्यावा लागतो, कारण रोज हजारो माणसांच्या अंगाची ऊब आत साठते. शून्याखाली ठेवलेला महाल. हिमनदीत खोदलेला फ्रीज म्हणा ना. बाहेर दिसणारी आलेच हिमनदी आल्प्समधली सगळ्यात लांब, वीस किलोमीटरच्या आसपास. तुमच्या नातवंडांनाही तिचा काही भाग दिसेल. पणतवंडांचं जगाच्या धुराड्यांवर अवलंबून आहे. उत्सर्जन आटोक्यात आलं तर शतकाअखेर आल्प्समधला साधारण एक तृतीयांश बर्फ राहील, नाही आलं तर जवळजवळ काहीच नाही. 2050 पर्यंत निम्मा जाणार हे मात्र ठरल्यासारखं आहे. ती उधारी आपण आधीच करून बसलोय.

स्कीची केंद्रं बंद पडणार असं वाचलं. खरं आहे?

काही पडलीच आहेत. फ्रान्सच्या दक्षिण आल्प्समधलं सेयूझ 2018 मध्ये बंद झालं. 2023 मध्ये तिथल्या लिफ्टचे खांब उपटून नेले.

यात उंची सर्वस्वी महत्त्वाची. या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे: 1 डिसेंबर ते 15 एप्रिल या काळात किमान शंभर दिवस 30 सेंटिमीटर हिम असेल तर केंद्र ‘भरवशाचं’. 2007 साली ओईसीडी या संस्थेनं आल्प्समधल्या 666 स्की केंद्रांचा हिशोब मांडला होता. त्यांतली 609 नैसर्गिक हिमाच्या बळावर भरवशाची होती. तापमान एक अंशानं वाढलं तर 500, दोन अंशांनी 404, चार अंशांनी फक्त 202. दर अंशामागे हिमरेषा सुमारे दीडशे मीटर वर सरकते असं गृहीत धरलेलं होतं. 2023 मध्ये साऱ्या युरोपातल्या 2,234 केंद्रांचा अभ्यास झाला. त्यात दोन अंश वाढीला 53 टक्के केंद्रांना हिमटंचाईचा अतिशय मोठा धोका निघाला, चार अंशांना 98 टक्के. कृत्रिम हिमाचा वापर धरला की हे आकडे खाली येतात, पण शून्यावर येत नाहीत.

हे आकडे सरसकट वाचू नका. वाल तोरान्स, झरमॅट यांसारखी उंचावरची गावं उलट फायद्यात आहेत. खालची केंद्रं बंद पडली की तिथला ग्राहक वर येतो. रांगा वाढतात, पासची किंमत वाढते. मार खातात ती हजार-बाराशे मीटरवरची छोटी गावं, जिथे आसपासची मध्यमवर्गीय कुटुंबं रविवारी डबा घेऊन पोरांना स्की शिकवायला न्यायची. आल्प्समध्ये स्की हा श्रीमंतांचाच खेळ होता असा आपला समज असतो, तसं नाही. पोहायला शिकावं तशी तिथली पोरं स्की शिकायची. ती सवय तुटतेय. मला यातली सगळ्यात मोठी हानी हीच वाटते, आणि ती कुठल्याच आलेखात येत नाही.

बरं, हिमटंचाई काही काल उगवलेली नाही. 1964 च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी हिमच पडलं नव्हतं आणि ऑस्ट्रियाच्या सैन्यानं ते डोंगरावरून वाहून आणलं होतं. फरक एवढाच की तेव्हाचा अपवाद आता नेहमीचा पाहुणा झालाय. इटलीतल्या आल्प्समध्ये संशोधकांनी जमिनीलगत सरपटणाऱ्या जुनिपरच्या झुडपांच्या खोडातली वर्तुळं मोजली. झुडूप हिमाखाली असेल तितके दिवस वाढत नाही, त्यामुळे वर्तुळाची जाडी म्हणजे त्या वर्षीच्या हिमाची नोंदवही. सहाशे वर्षांच्या त्या वहीनुसार हिमाच्छादनाचा काळ आता दीर्घकालीन सरासरीपेक्षा 36 दिवसांनी आखूड आहे.

पण हल्ली मशिननं हिम करतात ना? मग अडचण काय?

करतात. इटलीतल्या सुमारे 90 टक्के स्की-उतारांवर ही सोय आहे, ऑस्ट्रियात 70 टक्क्यांच्या आसपास, स्वित्झर्लंडमध्ये निम्म्यावर. तोफेसारखी दिसणारी यंत्रं पाण्याचे बारीक तुषार थंड हवेत उडवतात आणि ते जमिनीवर पडेपर्यंत गोठतात.

‘थंड हवेत’ हे शब्द महत्त्वाचे. साधारण उणे दोन अंशांच्या खाली हवा गेल्याशिवाय हे काम नीट होत नाही, आणि हवा दमट असेल तर आणखी थंडी लागते. म्हणजे ज्या डिसेंबरात हिमाची सगळ्यात जास्त गरज, त्याच उबदार डिसेंबरात यंत्रं गप्प बसतात. 2023 च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधल्या आडेलबोडेनला स्कीच्या विश्वचषकाची शर्यत झाली, तेव्हाचे फोटो शोधून बघा: हिरव्यागार डोंगरावरून एक पांढरी पट्टी खाली आलेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, पांढऱ्या पट्टीखाली चिखल.

शिवाय पाणी लागतं. त्यासाठी डोंगरावर तलाव खणावे लागतात आणि तिथे गावात दोन तट पडतात. फ्रान्समधल्या ला क्लुझा इथे पठारावर असा तलाव खणायचा घाट घातला होता. आंदोलकांनी झाडांवर मुक्काम ठोकला आणि ऑक्टोबर 2022 मध्ये न्यायालयानं कामाला स्थगिती दिली. धरण कुणासाठी, पाणी कुणाला, हा वाद आपल्याला नवा नाही. तिथे ऊसाच्या जागी स्की आहे.

दाव्होसची युक्ती मला त्यातल्या त्यात आवडते. हिवाळ्यात हिमाचा मोठा ढीग करायचा, त्यावर लाकडाच्या भुशाचा जाड थर द्यायचा, उन्हाळाभर तसाच ठेवायचा आणि हेमंतात पसरायचा. आपल्याकडे बर्फाच्या लाद्या भुशात ठेवत असत, तेच. मात्र याने लांबच्या लांब सपाट स्कीची वाट तयार होते, अख्खा डोंगर नाही.

हिमनद्यांवर पांघरूण घालतात त्याने त्या वाचतील का?

पांघरुणाखालचं वितळणं निम्म्यानं वगैरे कमी होतं हे खरं. पण स्वित्झर्लंडमधल्या हिमनद्यांचा असा झाकलेला भाग एकूण क्षेत्राच्या 0.02 टक्के आहे. पाळण्याचा खांब, स्कीची वाट, बोगदा असं काही वाचवायला ते ठीक. सगळ्याच झाकायच्या म्हटल्या तर वर्षाला शंभर कोटी फ्रँकहून अधिक खर्च, आणि इतकं प्लास्टिकचं कापड डोंगरावर पसरलेलं बघायला कोण जाणार?

तिकडे जाणं सुरक्षित आहे का? अख्खं गाव गाडलं गेल्याचा व्हिडिओ पाहिला.

तो ब्लाटेनचा. स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतातलं लोट्शेनटाल खोऱ्यातलं गाव. वरच्या कड्यावरून बिर्च हिमनदीवर दगडांचा खच पडत होता. त्या भारानं हिमनदी पुढे सरकू लागली. भूवैज्ञानिकांनी धोका ओळखला, मे 2025 च्या तिसऱ्या आठवड्यात सुमारे 300 गावकऱ्यांना बाहेर काढलं. गुरं हलवली, एका जखमी गायीला तर हेलिकॉप्टरला टांगून नेलं. 28 मे रोजी हिमनदी कोसळली आणि गावाचा सुमारे 90 टक्के भाग ढिगाऱ्याखाली गेला. एक माणूस दगावला. इशारा वेळेवर मिळाला नसता तर काय झालं असतं, हे माळीण आणि इर्शाळवाडी पाहिलेल्या महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

सगळ्याच वेळी असा इशारा मिळत नाही. 3 जुलै 2022 ला इटलीत मार्मोलाडा हिमनदीचा तुकडा भर दुपारी तुटून आला आणि 11 गिर्यारोहक गेले. शिखरावर तेव्हा तापमान दहा अंशांच्या घरात होतं. 2017 च्या ऑगस्टमध्ये पित्स चेंगालो या डोंगराचा कडा कोसळून आठ जण बेपत्ता झाले.

कारण समजून घ्या, म्हणजे भीती योग्य जागी ठेवता येईल. उंचावरच्या खडकांच्या फटीत पाणी कायमचं गोठलेलं असतं. याला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. ते डोंगराचं सिमेंट. ते सैल झालं की कडे सुटतात. एखादी ठरावीक दरड हवामानबदलामुळेच आली असं बोट ठेवून सांगणं अवघड असतं. खडकाची रचना, उतार, पाऊस असं बरंच काही त्यात असतं. एकंदर कल मात्र स्पष्ट आहे.

सहलीला जाणाऱ्या सर्वसाधारण पर्यटकाला यातला धोका फार कमी. रेल्वे, पाळणे, हॉटेलं जिथे आहेत तिथे डोंगरावर यंत्रांची नजर असते. तुमची गैरसोय होईल ती वेगळ्या प्रकारची. जून 2024 च्या पावसात झरमॅटची रेल्वे आणि रस्ता दोन्ही तुटले आणि गाव एकाकी पडलं. मिझॉक्स खोऱ्यात महामार्गाचा तुकडाच वाहून गेला. फ्रान्समधली ला बेरार्द ही वाडी उद्ध्वस्त झाली. तेव्हा विमान पकडण्याच्या आदल्या रात्रीचा मुक्काम उंच खोऱ्यात ठेवू नका. झुरिक किंवा जिनिव्हाला ठेवा. आणि बंद वाटेवर लावलेली दोरी ओलांडून फोटोला जाऊ नका, एवढं तरी पाळा.

माझा मुलगा सह्याद्रीत भरपूर ट्रेक करतो. त्याला माउंट ब्लँक करायचाय.

करू द्या, पण ऐन जुलै-ऑगस्टमध्येच जमेल असं धरून चालू नका. नेहमीच्या गूते वाटेवर एक घळ आडवी ओलांडावी लागते. रात्री गोठलेले दगड दिवसा सुटतात आणि त्या घळीतून गोळीसारखे येतात. 2022 च्या उन्हाळ्यात ते इतकं वाढलं की गाइडांनी या वाटेनं माणसं न्यायचं थांबवलं. तरी हौशी लोक जातच होते, तेव्हा पायथ्याच्या सें-झेर्वेच्या महापौरांनी प्रत्येकाकडून 15,000 युरो अनामत घेण्याची घोषणा केली: सुटकेचा आणि अंत्यसंस्काराचा खर्च. महापौर वैतागले होते हे उघड आहे, पण हिशोब चोख होता. मॅटरहॉर्नवरही त्या उन्हाळ्यात गाइडांनी काम थांबवलं होतं.

सह्याद्रीची सवय पायांना उपयोगी पडेल. हिमनदीवरच्या भेगा आणि क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे लोखंडी दाते) हे वेगळं शास्त्र आहे, ते तिकडे जाऊन शिकूनच घ्यावं. आणि गाइड ‘आज नाही’ म्हणाला तर पैसे गेले तरी चालतील.

हिवाळा गेला तर गेला, उन्हाळी पर्यटन वाढेल की!

वाढतंय. रोम, मिलान चाळीस अंशांना टेकले की माणसं डोंगरात पळतात. ऑस्ट्रियात याला जुना शब्दही आहे, ‘झोमरफ्रिशं’, उन्हाळ्याचा गारवा. आपले माथेरान-महाबळेश्वर ज्या कारणानं वसले तेच. तळ्यांचं पाणी पोहण्याइतकं कोमट राहण्याचे दिवस वाढलेत. डोंगरमाथ्यांवर फुलंही वाढलीत: युरोपातल्या 302 शिखरांच्या पाहणीत नव्या वनस्पती वर चढण्याचा वेग अर्धशतकापूर्वीच्या पाचपट निघाला. दिसायला छान, पण खालून आलेल्या दांडग्या झाडोऱ्यापुढे मूळच्या चिमुकल्या फुलांनी आणखी वर जायचं कुठे? वर शिखर संपतं.

पैशाच्या दृष्टीनं उन्हाळा हिवाळ्याची जागा सहज घेत नाही. स्कीवाला आठवडाभर राहतो, पास काढतो, बूट भाड्यानं घेतो, शिकवणी लावतो. चालणारा पाठीवर सॅक टाकून येतो आणि झऱ्याचं पाणी पितो. गावांना ही तूट कशी भरायची ते अजून उमगलेलं नाही. सायकलींच्या वाटा, झिपलाइन, डोंगराच्या कडेबाहेर काढलेले काचेचे सज्जे असं सगळं चालू आहे. त्यातलं बरंचसं मला जत्रेतल्या पाळण्यांसारखं वाटतं, तुम्हाला आवडेलही.

विमानानं जाऊन आपणच बर्फ वितळवतो, मग जावंच का?

मुंबई-झुरिक जाऊन-येऊन इकॉनॉमीतल्या एका प्रवाशाच्या वाट्याला साधारण टनभर कार्बन डायऑक्साइड येतो. सरासरी भारतीयाचं वर्षाचं उत्सर्जन दोनेक टन. म्हणजे हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. ‘संपण्याआधी बघून घेऊ’ म्हणून निघणाऱ्यांची गर्दी त्या संपण्याला हातभार लावते, हा पेच खराच आहे. मी तो सोडवलेला नाही आणि सोडवल्याचा आव आणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. आयुष्यात एकदा जाणाऱ्या निवृत्त शिक्षकाला मी अडवणार नाही. दर वर्षी पाच दिवसांत चार देश ‘करून’ येणाऱ्याला मात्र सांगतो: दोन वर्षांआड जा, दुप्पट दिवस राहा, तिथे पोचल्यावर रेल्वेनं फिरा.

आपल्या हिमालयात जाऊन बर्फ पाहिला तर?

जरूर जा. पण तिथेही भरवसा तोच. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, आणि पुढच्या वर्षी हिमाअभावी तिथली ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा पुढे ढकलावी लागली.

मग नक्की कधी जावं आणि बुकिंग कसं करावं?

हिमात खेळायचं असेल तर एप्रिल-मे, उंच जागा. हिमनदी तिच्या खऱ्या रंगात बघायची, पायी फिरायचं, घाट ओलांडायचे तर ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य; शाळेची अडचण नसलेल्यांनी हाच काळ निवडावा. स्की शिकायचं असेल तर नाताळ टाळा, जानेवारीचा शेवट ते मार्च धरा आणि मुक्काम 1,800 मीटरच्या वर शोधा. खालच्या स्वस्त गावाच्या जाहिरातीत हिमाचा फोटो कुठल्या वर्षीचा आहे ते कुणी लिहीत नाही.

पाळण्याची महागडी तिकिटं महिनाभर आधी काढून ठेवू नका. ग्रुप टूरमध्ये तुमच्या हातात ते नसतं, पण स्वतःचे स्वतः जात असाल तर आदल्या संध्याकाळपर्यंत थांबा. जवळपास प्रत्येक डोंगरावर थेट दृश्य दाखवणारा कॅमेरा असतो आणि तो फुकट बघता येतो. सकाळी चहा पिता पिता आधी तो उघडायचा. पडदा पूर्ण पांढरा दिसला तर ते हिम नाही, ढग आहे. त्या दिवशी तळ्याकाठी जा.